जर्मनीत बायोमेडिकल लॅबमध्ये प्लेसमेंट: पहिल्या ईमेलपासून निघायच्या दिवसापर्यंत

दरवर्षी एमएस्सीचं तिसरं सेमिस्टर सुरू झालं की मला मेसेज यायला लागतात. ताई, चौथ्या सेमचं डिझर्टेशन बाहेर करायचंय, कसं करू? प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी पुण्यातून बायोटेक करत असताना हायडेलबर्गला कॅन्सर बायोलॉजीच्या एका लॅबमध्ये प्लेसमेंट केली, त्यामुळे खालचं सगळं जर्मनीचं आणि त्यातही बरंचसं हायडेलबर्गचं आहे. इंग्लंड-अमेरिकेचे नियम वेगळे, ते तिकडे राहिलेल्यांना विचारा. आणि फी, रकमा, नियम बदलत राहतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या दिवशी जर्मन वकिलातीची साइट उघडून आकडे परत बघायचेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते कारण ती पुढे जागोजागी येणार आहे. आपल्याकडे वर्गात गप्प बसून ऐकणारा मुलगा शहाणा समजला जातो. तिथे तुम्ही गप्प बसलात की समोरचा धरून चालतो की याला सगळं समजलंय, मग ती लॅब असो, घरमालक असो नाहीतर सरकारी ऑफिस. तेव्हा विचारायची लाज इथेच सोडून जा, विमानात वजन तेवढंच कमी.

सगळ्यात आधी: कंपल्सरी की स्वतःच्या हौसेने?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि अर्ध्या लोकांचं गाडं इथेच अडतं. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा आहे, जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पण तुमच्या कोर्सचा सक्तीचा भाग असलेली प्लेसमेंट या कायद्यातून वगळलेली आहे, आणि शिकता शिकता स्वतःहून केलेली असेल तर ती फक्त तीन महिन्यांपर्यंत वगळलेली आहे. म्हणजे तुम्ही हौसेने सहा महिने येतो म्हणालात तर लॅबला तुम्हाला रीतसर पगार द्यावा लागतो, आणि बहुतेक ग्रुपकडे त्यासाठी पैसे बाजूला काढलेले नसतात. मग प्रोफेसरला तुम्ही कितीही आवडलात तरी एचआर नाही म्हणतं आणि आपल्याला वाटतं आपलाच सीव्ही वाईट.

म्हणून कॉलेजकडून पहिलं काम हे करून घ्या: लेटरहेडवर, इंग्रजीत, एचओडीच्या सहीचं पत्र, की हे डिझर्टेशन अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे, इतक्या क्रेडिटचं आहे, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आहे. नुसती एनओसी पुरत नाही, आमची काही हरकत नाही आणि हे सक्तीचं आहे यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्यांची डिग्री संपलीये आणि आता गॅपमध्ये जाऊन यावं असं वाटतंय त्यांनी हे नीट वाचा, तुम्हाला ती सूट लागू होत नाही, तुमच्यासाठी सरळ पगारी जागा किंवा पीएचडी शोधणंच बरं.

लॅब शोधणं

हायडेलबर्ग का, तर तिथे एका छोट्या गावात बायोमेडिकलची इतकी गर्दी आहे की बस. युनिव्हर्सिटी १३८६ ची, जर्मनीतली सगळ्यात जुनी. नेकार नदीच्या पलीकडे नॉयनहाइमर फेल्ड नावाचा कॅम्पस, त्यात हॉस्पिटलं, युनिव्हर्सिटीच्या लॅब आणि डीकेएफझेड म्हणजे जर्मन कॅन्सर रिसर्च सेंटर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. डीकेएफझेडचे अनेक वर्षं प्रमुख असलेले हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो हे दाखवल्याबद्दल. आज मुलींना जी एचपीव्हीची लस देतात तिची मुळं तिथे आहेत. वर डोंगरात ईएमबीएल म्हणजे युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरी. पण नुसत्या नावाच्या मागे लागू नका, ग्युटिंगेन, म्युन्स्टर, वुर्त्सबुर्ग, फ्रायबुर्ग इथेही उत्तम ग्रुप आहेत आणि तिथे भाडं जरा सुसह्य असतं.

इन्स्टिट्यूट निवडू नका, ग्रुप निवडा. ग्रुपची वेबसाइट उघडा, सध्या कोण कोण आहे बघा, मास्टर्सचे विद्यार्थी दिसतायत का, पोस्टडॉक किती, गेल्या दोन-तीन वर्षांत पेपर आलेत का. मग तिथे आधी राहून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला लिंक्डइनवर मेसेज टाका आणि सरळ विचारा की तुला रोज शिकवायला कोण होतं. या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळं कळतं. पीआय म्हणजे ग्रुपचा प्रमुख कितीही मोठा असला तरी तो तुम्हाला पिपेट धरायला शिकवणार नाहीये, तुमचे सहा महिने कसे जाणार ते ज्या पोस्टडॉकच्या नाहीतर पीएचडीवाल्याच्या हाताखाली टाकतील त्याच्यावर ठरतं.

ईमेल कमीत कमी सहा-आठ महिने आधी जायला हवा. रिस्पेक्टेड सर अशी सुरुवात नको, आधी बघा पीआय बाई आहे का बुवा, आणि डॉक्टर किंवा प्रोफेसर अमुक एवढं पुरतं. विषयाच्या ओळीतच सगळं सांगून टाका: मास्टर्स थीसिस, जानेवारी ते जून, कोर्सचा सक्तीचा भाग. मग चार-पाच वाक्यांत, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यात नेमका काय प्रश्न पडला. तुमच्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे, असलं काही लिहिलं की मेल थेट डिलीट होतो, कारण तसे त्यांना दिवसाला ढिगाने येतात. त्यानंतर हाताने काय काय केलंय. इथे प्रामाणिक राहा: फ्लो सायटोमेट्रीचं डेमो बघितलं असेल तर बघितलं असं लिहा. मुलाखतीत व्हिडिओ कॉलवर ते हमखास विचारतात की बरं, त्यात निगेटिव्ह कंट्रोल काय घेतला होतास, आणि तिथे सगळं उघडं पडतं. आणि उलट, आमच्या कॉलेजात कल्चर हूड एकच आहे, मी पेशी स्वतः दोनदाच हाताळल्यात पण पीसीआर मात्र झोपेतही करेन, असं सांगणारा मुलगा त्यांना आवडतो.

सीव्ही, मार्कशीट आणि कॉलेजचं पत्र एकाच पीडीएफमध्ये. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एक आठवण, त्यानंतरही शांतता असेल तर पुढची लॅब. मनाला लावून घेऊ नका.

स्कॉलरशिपचं थोडक्यात: बॅचलर्सवाल्या किंवा इंटिग्रेटेड कोर्सच्या भारतीय मुलांसाठी डाड या जर्मन स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेची वाइज नावाची उन्हाळी इंटर्नशिप आहे, तिच्या अटी त्यांच्या साइटवर वाचा. डाडचीच राइज जर्मनी मात्र उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांसाठी आहे, इथून फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. काही लॅब स्वतः महिन्याला थोडेफार पैसे देतात. आहेत का, हे होकार आल्यावर विचारणं अजिबात वावगं नाही, उलट नाही विचारलं तर त्यांना वाटतं तुमची सोय झालेली आहे.

कागद आणि विसा

मुक्काम ९० दिवसांच्या वर असेल तर नॅशनल म्हणजे डी विसा. त्याच्या आतला असला तरी टुरिस्ट विसावर जाऊन लॅबमध्ये काम करण्याचा जुगाड कोणी सुचवला तर कानाला हात लावा. नेमका कुठल्या प्रकारात तुमची प्लेसमेंट बसते, इंटर्नशिपच्या की शिक्षणाच्या, हे लॅबच्या एचआरला आधी विचारा, कारण इंटर्नशिपच्या प्रकारात त्यांना तिकडच्या एम्प्लॉयमेंट एजन्सीची संमती काढावी लागते आणि त्याला वेळ जातो. त्या संमतीचं पत्र हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, स्वस्त दिसतंय म्हणून तर मुळीच नको.

पैशांचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड अकाउंट लागतं, सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरोचा हिशेब आहे, वर्षाचे ११,९०४. जेवढे महिने राहणार तेवढ्याचे भरायचे, आणि लॅबकडून काही मिळणार असेल तर तसं पत्र जोडून किती कमी भरता येईल ते विचारून घ्या. हे पैसे जात नाहीत, तिथे पोचल्यावर दर महिन्याला तुमच्याच खात्यात सुटतात, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा नाहीतर बाबांना घाम फुटतो. एपीएस म्हणजे आपल्या मार्कशीट-डिग्र्या तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटबद्दल एजंट लोक फार घाबरवतात. ते मुळात तिकडे डिग्रीला अॅडमिशन घेणाऱ्यांसाठी आहे. फी १८ हजार, तेव्हा भरण्याआधी तुमच्या विसाच्या प्रकाराची वकिलातीची यादी उघडा आणि त्यात ते लिहिलंय का बघा. नसेल तर नको.

हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासूनचा पाहिजे. आणि लसीकरणाचे कागद गोळा करा, विशेषतः हेपॅटायटिस बीचे. माणसाचं रक्त किंवा टिश्यू हाताळायचं असेल तर तिथला कंपनी डॉक्टर हे विचारतोच. लहानपणीचं पिवळं पडलेलं कार्ड आईच्या कपाटात असेल, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि ते सापडतच नसेल तर इथे अँटिबॉडी टायटर करून रिपोर्ट घेऊन जा.

उंदरांवर काम करायचं असेल तर आणखी एक. तिथे प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी फेलासाचा, म्हणजे लॅबमधले प्राणी हाताळायचा कोर्स झालेला लागतो आणि प्रत्येक प्रयोगाला सरकारी परवानगी असते. तुमचं नाव त्यात आयत्या वेळी घुसवता येत नाही. थोड्या महिन्यांसाठी जाताय तर सेल कल्चरचा नाहीतर डेटाचा प्रोजेक्ट घ्या, हे माझं स्पष्ट मत.

बॅग भरताना

बाहेरून येणाऱ्यांना युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, श्रीखंडवडी, खव्याचं काहीही, सगळं घरीच. आज्जी कितीही म्हणाली की एवढीशी बरणी कोण बघतंय, तरी नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू चालतात. पोहे न्यायची गरज नाही, एशियन दुकानात मिळतात. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटला बसतात, तीन पिनांच्या कुकरसाठी अडॅप्टर घ्या. रोजची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट.

जर्मन किती लागतं? लॅबमध्ये जवळपास शून्य, सगळं इंग्रजीत चालतं. लॅबच्या बाहेर पडलात की पाटी, पत्र, फोनवरचा आवाज, सगळं जर्मन. पुण्यात असाल तर मॅक्स म्युलर भवनात नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए-वन तरी करून जा.

पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

फ्रँकफर्टला उतरलात की हायडेलबर्ग साधारण तासाभरावर. रूम आधीच ठरलेली हवी. शेअर्ड फ्लॅटमधली खोली चारशे ते सहाशे युरोच्या आसपास धरा, हॉस्टेलची खोली मिळाली तर लॉटरी. रूम न दाखवता डिपॉझिट आधी पाठव, मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे, शंभर टक्के. लॅबच्या ग्रुपला विचारा, कोणीतरी सुट्टीवर जाणार असतं आणि त्याची खोली तेवढ्यापुरती मिळते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि ते ब्युर्गरआम्ट नावाच्या ऑफिसात होतं. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो की हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय. घर ठरवतानाच विचारा की हा फॉर्म देणार ना. नाही म्हणणारी घरं स्वस्त दिसतात पण ती घेऊ नका, कारण आनमेल्डुंग नाही तर पुढे टॅक्स नंबर, परमिट, सगळंच लटकतं. अपॉइंटमेंट ऑनलाइन, आणि ती इथून निघायच्या आधीच घेऊन ठेवता आली तर उत्तम. पत्ता नोंदवला की थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ती माणशी नाही, घराला एक असते, फ्लॅटमधलं कोणी आधीच भरत असेल तर त्यांचा नंबर कळवायचा आणि आपला वाटा त्यांना द्यायचा. पत्र कचऱ्यात टाकू नका, तिथे पत्रांवरच सगळं चालतं. आणि लेटरबॉक्सवर तुमचं नाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो.

लॅब

पहिला दिवस सहसा सेफ्टीच्या माहितीत जातो, त्यावर सही घेतात. जनुकीय बदल केलेल्या पेशी किंवा जीवाणू जिथे हाताळतात त्या खोल्यांच्या दारावर एस-वन, एस-टू असं लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे नियम कडक होत जातात. कोट तिथेच मिळतो, तिथेच धुतला जातो आणि तो घालून कॅन्टीनला गेलात तर लोक नुसते बघत नाहीत, तोंडावर सांगतात. ग्लोव्ह घातलेल्या हाताने दाराचं हँडल धरायचं नाही, एक हात मोकळा ठेवून त्याने दार उघडायचं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, काच वेगळी, टिप्स वेगळ्या, जनुकीय बदलाचा कचरा ऑटोक्लेव्हला, अॅक्रिलामाइड आणि इथिडियम ब्रोमाइड तर अजूनच वेगळे. पाठ करू नका, प्रत्येक वेळी विचारा, यात कोणी चिडत नाही. न विचारता चुकीच्या डब्यात टाकलं की मात्र चिडतात.

आता ते गप्प बसण्याचं. सुपरवायझर एकदा प्रयोग करून दाखवतो आणि विचारतो, क्लिअर? आपण मान डोलवतो, तीही आपली ती डावी-उजवी डोलणारी, जी बघून त्यांना हो आहे का नाही तेच कळत नाही. तोंडाने बोला. आणि हो म्हणण्यापेक्षा परत सांगून दाखवा: म्हणजे आधी मी दोनदा पीबीएसने धुणार, मग ट्रिप्सिन, मग तीन मिनिटं ३७ डिग्रीला, बरोबर? इथेच निम्म्या चुका पकडल्या जातात. दुसऱ्या वेळी तुम्ही करा आणि त्याला शेजारी उभं राहायला सांगा. तिसऱ्यांदा एकट्याने. हे असं मागून घ्यावं लागतं, आपणहून कोणी शेजारी उभं राहत नाही, कारण त्यांच्या मते एकटं सोडणं म्हणजे विश्वास दाखवणं.

सर-मॅडम बंद. पीआयलाही नावाने हाक. पहिला आठवडा जीभ वळत नाही, मग सवय होते. पण लॅबमध्ये खरा मान द्यायचा तो टेक्निकल असिस्टंटना. त्या बाई किंवा ते काका पंधरा-वीस वर्षं तिथे असतात, पीआय बदलले तरी ते असतात, आणि कुठल्या फ्रीजरच्या कुठल्या रॅकमध्ये कुठली अँटिबॉडी आहे आणि ती खरंतर चालत नाही हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

सेल कल्चरबद्दल जरा सविस्तर, कारण बायोमेडिकलच्या बहुतेक प्लेसमेंट तिथेच सुरू होतात. मीडियाची म्हणजे पेशींच्या खाद्याची बाटली स्वतःची, त्यावर नाव, तारीख, आत काय घातलं ते. दुसऱ्याच्या बाटलीतलं थेंबभरही घ्यायचं नाही आणि आपली कोणाला द्यायची नाही. यात कंजूषपणा नाही, कारण मायकोप्लाझ्मा. हा जीवाणू इतका छोटा आणि लवचिक असतो की नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो, त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही, आणि मीडिया गढूळसुद्धा होत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत तुमच्या पेशींचं वागणं बदललेलं असतं. म्हणून नियमित पीसीआर टेस्ट करतात. तुमच्या पेशी पॉझिटिव्ह निघाल्या तर त्याच मिनिटाला सांगा. लपवलंत तर सगळ्या इन्क्युबेटरमध्ये पसरतं आणि तेव्हा मात्र तुमचं नाव कायमचं लक्षात राहतं.

पेशी कुठल्या आहेत यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या ट्यूमरमधून त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, आणि त्या इतक्या जोमाने वाढतात की जगभरातल्या कित्येक दुसऱ्या सेल लाइन नंतर हेलाच निघाल्या. त्यामुळे व्हायल काढताना पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या बाटलीत वाढवल्यात) काय, ओळखीची एसटीआर टेस्ट कधी झाली हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

लॅब नोटबुकमध्ये काय केलं एवढंच नाही तर लॉट नंबर, पॅसेज नंबर, वेळ, आणि काय वेगळं झालं तेही लिहा. वेस्टर्न ब्लॉटच्या मेम्ब्रेनचा एक कोपरा कापायची सवय लावून घ्या, नेहमी तोच कोपरा, म्हणजे उलटसुलट झाली तरी पहिली लेन कुठली ते कळतं. ट्रान्सफर झाल्यावर पाँसोचा गुलाबी रंग देऊन फोटो काढा. दोन दिवसांनी बँड दिसत नाही तेव्हा प्रोटीन मुळात मेम्ब्रेनवर आलं होतं का नव्हतं, एवढं तरी त्या फोटोवरून सांगता येतं.

आणि हा एन बरोबर तीनचा, म्हणजे प्रयोग तीनदा केला म्हणण्याचा घोळ. एकाच दिवशी एकाच प्लेटमधले तीन वेल (खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग तीनदा मोजलाय. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी घेऊन परत केलं तर दुसरा. आपल्या कॉलेजच्या थीसिसमध्ये हे सर्रास खपतं, तिथे लॅब मीटिंगमध्ये पहिला प्रश्नच हा येतो. म्हणून वेळेचा हिशेब करताना प्रत्येक प्रयोग तीन आठवडे खाणार असं धरा, सहा महिन्यांत तीन-चार पक्के निकाल हाती आले तरी ती प्लेसमेंट चांगली झाली. पेपरमध्ये नाव येण्याची स्वप्नं बघायला हरकत नाही, पण त्यासाठी लॅब निवडू नका.

कन्फोकल मायक्रोस्कोपचं बुकिंग कॅलेंडरवर असतं. आपलं झालं की पुढे कोणी आहे का बघा: लगेच कोणी असेल तर लेझर चालू ठेवायचा, कोणी नसेल तर बंद करायचा. ऑइल ऑब्जेक्टिव्ह पुसून ठेवा. उशीर होणार असेल तर पुढच्याला मेसेज टाका. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून लोक तुमच्याबद्दल मत बनवतात, सीव्हीवरून नाही.

लॅब मीटिंगमध्ये तुमची पाळी आली की न चाललेले प्रयोगही दाखवा. आपल्याला वाटतं हसतील, पण उलट तिथेच कोणीतरी म्हणतं की अरे ही अँटिबॉडी मीही वापरली होती, टाकून दे, माझ्याकडची घे. जर्नल क्लबमध्ये समजलं नाही तर समजलं नाही म्हणा. पीएचडीच्या चौथ्या वर्षातली माणसंही म्हणतात.

रविवारी पेशींना खाऊ घालायला जावं लागतं, ते सुटत नाही. पण घातक रसायनं किंवा तसली कामं एकट्याने संध्याकाळी-रविवारी करायची नाहीत, बऱ्याच ठिकाणी तसा नियमच असतो. रात्री दहापर्यंत बसलं की इम्प्रेशन पडतं हा आपला समज तिथे चालत नाही, उलट विचारतात की तुझं प्लॅनिंग चुकतंय का. आणि डिसेंबरच्या मध्यापासून सगळं थंडावतं, ऑर्डरी थांबतात, लोक ख्रिसमसला जातात. लागणारं सामान नोव्हेंबरातच मागवा.

लॅबबाहेरचं

जेवण लवकर, साडेअकरा-बाराला अख्खा ग्रुप उठून मेन्झाला म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनला जातो. तुम्ही डबा आणला असेल तरी जा, तिथे बसून खा. प्रयोगाच्या निम्म्या कल्पना तिथेच निघतात आणि एकटं बेंचपाशी राहिलात की त्यांना वाटतं तुम्हाला एकटं राहायला आवडतं. वाढदिवसाला केक तुम्ही न्यायचा, ज्याचा वाढदिवस तोच आणतो. घरी केलेला असेल तर चांदीच, रव्याचा केक करून बघा, रेसिपी मागतात. आणि कोणाला आदल्या दिवशी हॅपी बर्थडे म्हणू नका, अपशकुन समजतात.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत भाजी-दूध आणलं नाही तर सोमवारपर्यंत मॅगी. प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, मशिनमध्ये टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. फिरायचं असेल तर डॉइचलांड तिकीट, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि रीजनल गाड्या चालतात, आयसीई म्हणजे लांबच्या वेगवान गाड्या नाही. दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, बंद करायचं असेल तर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावं लागतं.

हिवाळ्याचं कोणी सांगत नाही. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, सकाळी लॅबला जाताना काळोख आणि येतानाही काळोख, आणि त्यात प्रयोग चालत नसेल तर फार उदास वाटतं. दुपारी जेवल्यावर दहा मिनिटं बाहेर चालून या, नदीच्या काठाने. तिथल्या मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांच्या ग्रुपवर आधीच नाव घाला, गणपतीला नाहीतर दिवाळीला एक दिवस मराठीत भांडायला मिळालं तरी महिनाभर पुरतं. आणि खूपच जड जात असेल तर सुपरवायझरला सांगा. आजारी असाल तर सकाळीच मेसेज करून घरी राहा, तापात लॅबमध्ये येणाऱ्याचं तिथे कौतुक होत नाही, त्याला घरी पाठवतात.

निघायच्या आधी

शेवटच्या महिन्यात नवीन प्रयोग सुरू करू नका. फ्रीजरमधल्या तुमच्या प्रत्येक ट्यूबची यादी करा, कुठला डबा, कुठली जागा, आत काय. पेशी नीट गोठवून द्या, दहा टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक डिग्रीच्या हिशेबाने हळूहळू उणे ८०, मग लिक्विड नायट्रोजन. प्लाझ्मिड, प्रायमर, कच्चा डेटा ठरलेल्या सर्व्हरवर. डेटा लॅबचा असतो, पेनड्राइव्हवर घालून गुपचूप आणायचा नाही. कॉलेजच्या थीसिसमध्ये कुठले ग्राफ घालता येतील हे पीआयकडून ईमेलवर लेखी घ्या, कारण अप्रकाशित काम आपल्याकडच्या लायब्ररीत कोणालाही वाचायला मिळालं तर त्यांची पंचाईत होते. पेपर झाला तर नाव कुठे येणार, लेखकांत की आभारात, हेही तेव्हाच विचारून घ्या.

घर सोडल्यावर पत्ता रद्द करायचा, त्याला आबमेल्डुंग म्हणतात, आणि ते केल्याचा कागद जपून ठेवायचा, ब्लॉक्ड अकाउंट नाहीतर रेडिओची वर्गणी बंद करताना तो मागू शकतात. डिपॉझिट परत यायला महिने लागू शकतात, म्हणून तिथलं बँक खातं लगेच बंद करू नका. रेकमेंडेशन लेटर रोज शिकवणाऱ्याकडून लिहून घ्या आणि पीआयची सही घ्या, तुमचे हात कसे चालतात ते शिकवणाऱ्यालाच माहीत असतं. आणि कॉलेजचे जे काही फॉर्म असतील, हजेरीचा, मूल्यमापनाचा, कंप्लीशन सर्टिफिकेटचा, त्या सगळ्यांवर ओल्या शाईच्या सह्या आणि लॅबचा शिक्का निघायच्या आठवडाभर आधीच घ्या, कारण आपल्या युनिव्हर्सिट्या स्कॅन केलेल्या सहीला नाक मुरडतात, आणि शिक्का ज्या सेक्रेटरीबाईंच्या ड्रॉवरमध्ये असतो त्या नेमक्या त्याच आठवड्यात सुट्टीवर असतात.